पाखऱ्याचं गाणं

कळंबच्या फाट्यावर कांद्याच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला नसता तर प्रतिभा सरळ घरी गेली असती, आणि ते गाणं निदान त्या दुपारी तरी तिच्या कानावर पडलं नसतं. पण ट्रॉल्या आडव्या उभ्या, ट्रॅक्टरवाले एकमेकांना मागे घ्यायला सांगतायत आणि मागे कुणीच घेत नाही, असा नेहमीचा घोळ. तिने स्कूटी बंद केली. पुढच्या हुकाला पिशवी होती, पिशवीत मंचरहून आणलेली हिरवी नऊवारी. समोर एक पिकअप, त्यात शर्यतीचे दोन बैल आणि टपावर बांधलेला स्पीकर. स्पीकरमधून आधी नुसती पेटी ऐकू आली. तिने सवयीने मनातल्या मनात पुढचा सूर लावला आणि तो तसाच्या तसा स्पीकरमधून आला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ही चाल क्षणभर अडखळते आणि मग खाली उतरते. ते अडखळणं जगात दोनच माणसांना ठाऊक आहे असं ती समजत होती. स्पीकरमधला माणूस बरोबर तिथंच अडखळला आणि गाऊ लागला, "पाखऱ्या रं माझ्या राजा, घाट तुझ्याविना सुना." आवाज भरतचा होता. भरत म्हणजे तिचा नवरा, घाट म्हणजे शर्यतीचे बैल पळतात ती वाट, आणि पाखऱ्या म्हणजे गावातल्या दादाभाऊंचा शर्यतीचा बैल, जो मागच्या आठवड्यात मेला आणि ज्याचे फ्लेक्स मंचरपासून नारायणगावपर्यंत लागले होते.

रस्ता मोकळा झाला तरी ती तशीच उभी. मागचा टेम्पोवाला म्हणाला, "ताई, घ्या की म्होरं, का हितंच ऱ्हाता?" तिने स्कूटी चालू केली आणि ती त्या पिकअपच्या मागे मागे गेली, म्हणजे गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं, कारण त्या शहाण्याने एकच गाणं लावून ठेवलं होतं. चाल बैलाला दिली. जगात इतकी माणसं आहेत, पुढारी आहेत, देव आहेत, वाढदिवस आहेत, उद्घाटनं आहेत, त्या सगळ्यांसाठी भरत गाणी बांधतो आणि बांधू दे बापडा, पोट त्यावरच चालतं. पण ही एक चाल त्याने बांधली लग्नाच्या पहिल्या वर्षात, आणि सकाळी सकाळी गच्चीवर धावत येऊन तिला म्हणाला, ऐक, ही तुझी. शब्द अजून आले नाहीत, शब्द आले की तू यावर नाचशील आणि लोक बघत बसतील. तेव्हापासून ती शब्दांची वाट बघत होती. मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, खालच्या खोलीचा स्टुडिओ झाला, आणि शब्द काही येईनात. दर दिवाळीला ती विचारायची आणि दर दिवाळीला तो म्हणायचा, घाई केली की गाणं नासतं. आणि आता घाटाचा राजा मेल्याबरोबर दोन दिवसांत शब्द आले, यमकासकट आले, कोरससुद्धा आला.

हे सगळं रविवारच्या तोंडावर व्हावं याचा तिला जास्त संताप आला. रविवारी मंचरला महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि ती इतक्या वर्षांनी स्टेजवर उभी राहणार होती. भरतने शपथ घेऊन सांगितलं होतं की रविवारपर्यंत शब्द नाही आले तर नुसत्या पेटीवर का होईना, तुझी चाल तुला मिळेल. हा कार्यक्रम रिंकूने ठरवला होता. रिंकू म्हणजे मंचरच्या साडीवाल्या इंदरचंदशेठची सून. त्या दुकानाशी प्रतिभाचं नातं जुनं. बेल्ह्याहून कॉलेजला येणारी ती एकोणीस वर्षांची मुलगी, पाठीवर सॅक, आणि इंदरचंदशेठने तिला दुकानात पाहून म्हटलं, बेटा, मुंबईच्या पोरीचा फोटो कशाला लावू, आपल्या भागातली साडी आपल्या भागातल्या पोरीच्या अंगावर बघू दे गिऱ्हाइकाला. मग तो हायवेवरचा बोर्ड. पैठणीतली ती, हात कमरेवर, मान तिरकी. बोर्ड इतकी वर्षं राहिला की उन्हाने पैठणीचा रंग उडून ती सगळीच निळसर दिसायला लागली, चेहऱ्यासकट. वडिलांनी, चांगदेव म्हणत त्यांना, बैलबाजारातल्या लोकांनी चेष्टा केली म्हणून तो रस्ताच सोडला आणि आळेफाट्यावरून वळसा घालून जायला लागले. आई मात्र एकदा एसटीतून उतरून त्या बोर्डाखाली उभी राहून आली होती, हे प्रतिभाला खूप उशिरा कळलं.

त्या बोर्डावरूनच शो आला. ऑर्केस्ट्रा आणि लावणी असा मिळून एक शो, मालकाने तिचं नाव बदलून आरोही केलं, प्रतिभा म्हणे पोस्टरवर उठत नाही. मग गावोगावच्या यात्रा. ट्रकच्या हौद्यात मेकअप, मोबाईलच्या उजेडात काजळ, पत्र्याच्या पेटीवर बसून वडापाव. तिला त्या सगळ्याची आठवण यायची तेव्हा लोकांना वाटायचं शिट्ट्यांची येत असेल. शिट्ट्यांची कसली येते. आठवायचा तो स्टेजवर जायच्या आधीचा क्षण, पडद्याआड घुंगरांचं ओझं पायावर नीट बसलं की सगळं अंग खाली उतरून पायात यायचं, आणि डोकं रिकामं व्हायचं. नंतरच्या आयुष्यात डोकं असं कधी रिकामं झालं नाही. मढच्या यात्रेत स्टेजची फळी मोडली आणि तिचा उजवा घोटा मुरगळला, तेव्हा तिला उचलून खाली आणणारा कीबोर्डवाला म्हणजे भरत. घोटा नीट झाला, पण पूर्ण नाही. गिरकीनंतर उजवा पाय टेकताना ती अजूनही जरा थांबून टेकते. लग्नानंतर नाचू नको असं तिला कुणीही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. भरत म्हणाला, थांब, तुझं गाणं होऊ दे, मग झोकात परत ये. आणि सासूबाई, कुशाबाई, त्यांनी तर नाच हा शब्दच घरात उच्चारला नाही. पाव्हणे आले की जमिनीकडे बघून सांगायच्या, "सून आधी कार्यक्रम करायची." जणू काय सत्यनारायणाचा. हळूहळू तीही तसंच म्हणायला लागली.

घरी आली तर मुलगी, श्रेया, ओट्यावर बसून चिवडा खाता खाता तेच गुणगुणत होती. "आई, ह्याच्यावर गॅदरिंगला बसवशील? मी पाखऱ्या होणारे." प्रतिभाने पिशवी खाटेवर टाकली आणि स्टुडिओत गेली. स्टुडिओ म्हणजे खालची खोली, आधी तिथे कोंबड्यांचं खाद्य असायचं. भिंतींना वरपासून खालपर्यंत अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून, आणि पावसाळ्यात त्यांना अजून खाद्याचा वास येतो. भरत कानावर हेडफोन लावून बसला होता, शेजारी चहा, चहावर साय धरलेली. रोजचा चहा असाच. आधी चहा दे म्हणून ओरडायचं आणि मग तो निवू द्यायचा. तिने हेडफोन ओढून काढला.

"चाल कुणाची आहे ती?"

"कुठली?"

"बैलाची."

भरतचा चेहरा उजळला. उजळला, हे तिने नीट पाहिलं. "ऐकलंस तू? कसं झालंय? तू बेल्ह्याला आईकडं व्हतीस, नायतर तुलाच पयलं..."

सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची, स्टुडिओत अरे. "अरे, ती माझी चाल होती."

"हो, म्हणजे... तुझीच. ऐक ना जरा. दादाभाऊ सकाळच्या पारी दारात येऊन बसला. लहान पोरावानी रडला माणूस. म्हणला, भाऊ, माझ्या पाखऱ्याचं गाणं करा, असं करा की घाट रडला पाहिजे. मी दोन दिवस पेटी घेऊन बसलो, एक सूर सुचंना. आन मग हात आपोआप तिथंच गेला. मी नेला न्हाई, आपोआप गेला. मोठ्या दुःखाला तशीच चाल..."

त्याची वाक्यं अशी अर्ध्यावर राहायची. उरलेली बाकीच्यांनी पुरी करायची.

"तिला शब्द यायचे होते, भरत."

"आले की," भरत म्हणाला.

आणि त्यात काडीचाही खोडसाळपणा नव्हता. हेच तर डोकं फिरवणारं होतं. तो लबाड असता तर तिने त्याला सोलून काढला असता, पण तो खरोखरच आनंदात होता, इतक्या वर्षांनी त्या चालीला एकदाचे शब्द मिळाले म्हणून. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात ते याच माणसाला बघून म्हटलं असेल. "रविवारी मी कशावर उभी राहू? पाखऱ्या रं माझ्या राजावर? हिरवं लुगडं नेसून?" तो म्हणाला, दुसरी देतो की, एक तयार हाय. ती म्हणाली, तयार असती तर तीच बैलाला दिली असतीस. तो चहावरची साय बोटाने काढत बसला.

"परत माग. दादाभाऊंना सांग."

"गुरुवारी दहावा हाय त्याचा. तिथं मला बसून गायचंय. सगळा तालुका येणार, त्यांना आता काय..."

"मग तिथंच सांग. माईकवर सांग. ही चाल माझ्या बायकोची आहे, आणि रविवारी मंचरला ती तिच्या कार्यक्रमात घेणार आहे. एवढंच. लोकांना एकदा कळलं की मी उभी राहीन, मग हसू देत."

"हं," भरत म्हणाला. त्याच्या या हं मधून हो निघायचं, नाही निघायचं, काहीच न निघायचं. ती दारातून हलली नाही तेव्हा म्हणाला, "सांगतो गं. सांगतो म्हणलं ना."

संध्याकाळी रिंकूचा फोन आला. आधी पापडाचं पीठ, मग महिला मंडळ, मग मुलांची परीक्षा, असं बरंच झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "प्रतिभाताई, राग नका मानू. आमच्या आजेसासूबाई, पानबाई, सकाळपासून ते गाणं लावून डोळे पुसतायत. ज्यांनी उभ्या जन्मात शर्यत बघितली नाही त्या. आता तीच चाल तुम्ही शृंगाराची म्हणून घेतली, तर बाया हसतील हो. माझ्याच सासरचं नाव आहे कार्यक्रमाच्या बोर्डावर." प्रतिभा म्हणाली, गुरुवारनंतर सांगते. फोन ठेवल्यावर भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की पाण्याच्या धारेखाली ताट फिरवायचा हातसुद्धा त्याच चालीत चाललाय. तिने नळ बंद केला. शेजारच्या खोलीत सासूबाईंची मालिका मोठ्या आवाजात चालू होती, त्यात कुणीतरी कुणालातरी हिंदीत घराबाहेर काढत होतं, आणि आज पहिल्यांदाच प्रतिभाला तो आवाज बरा वाटला.

गुरुवारी घोड नदीच्या काठावर मांडव पडला. माणसाच्या दहाव्याला असतं ते सगळं होतं, जरा जास्तच होतं. मोठा फ्लेक्स, त्यावर कपाळाला भंडारा फासलेला पाखऱ्या, खाली शोकाकुल म्हणून दादाभाऊंच्या सगळ्या भावकीची नावं. एका महाराजांनी प्रवचन केलं, त्यात पाखऱ्या मागच्या जन्मी योगी होता असं निघालं. मग पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली आणि प्रत्येकाने तो कुठल्या घाटात कसा पळाला ते आपण स्वतः तिथे हजर होतो असं दाखवून सांगितलं. दादाभाऊ धोतर आणि पांढरी बंडी घालून, डोकं भादरून, समोर बसला होता. त्याच्या डोळ्यांना मात्र खोटं म्हणता येत नव्हतं. रडून रडून ते सुजले होते, आणि तो मध्येच मांडवाचा खांब बैलाची पाठ थोपटावी तसा थोपटायचा. प्रतिभा बायकांमध्ये सासूबाईंच्या शेजारी बसली होती आणि तिला या माणसाचा राग करायचा होता, पण जमेना, म्हणून तिने तोही राग भरतच्या खात्यावर टाकला.

भरत पेटी घेऊन बसला आणि गायला लागला. पहिल्या ओळीला बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. दुसऱ्या ओळीत चाल अडखळली तेव्हा शेजारची एक जण कुजबुजली, "बघ, पळताना पाखऱ्या तसाच करायचा, मदी दम खाऊन पुन्ना उठायचा." प्रतिभाला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुझ्या पाखऱ्याचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून ही चाल अशी आहे. पण तिचेच डोळे भरून आले होते. काय मूर्खपणा आहे हा, तिने स्वतःला झापलं, रडतेस काय. पण चाल चांगली होती, ते कसं नाकारणार. कितीतरी दिवाळ्या तिने ती उराशी धरून ठेवली होती, आणि आज एवढ्या माणसांत उघड्यावर ऐकताना ती तिला जास्तच चांगली वाटली. त्याचाही तिला राग आला. गाणं संपलं. भरत माईक हातात धरून थांबला. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं, तिला शोधलं, ती दिसली. तिने मान हलवली, सांग. भरतने घसा साफ केला आणि म्हणाला, "दादाभाऊंनी मला सेवेची संधी दिली, मी त्यांचा आभारी आहे." आणि माईक खाली ठेवला.

मग पिंड ठेवला. बैलाच्या पिंडाला कावळा शिवतो का, असा प्रश्न या भागात कुणी विचारत नाही. घरचाच गडी तो, त्याला का नाही शिवणार. काठच्या बाभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा, पण खाली एक येईना. लोक मागे सरले, पोरांना गप्प केलं. दादाभाऊ हात जोडून म्हणाला, "पाखऱ्या, तुज्या जोडीचा बैल मी कुणाला द्याचा न्हाई. म्हातारा हुईस्तोवर सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. "तुजी समाधी बांदीन, राजा." एका कावळ्याने चोच फांदीला घासली. कुणीतरी म्हणालं, गाणं लावा, त्याचं गाणं ऐकलं की येईल. मोबाईलवर गाणं लावलं, माईक मोबाईलला लावला, पुन्हा तीच चाल. काही नाही. ऊन चढलं. तिकडे लापशीच्या कढया झाकून ठेवलेल्या, वाढपी पातेल्यांशी ताटकळलेले. तेव्हा ठकूबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "कुणाचं तरी कायतरी ऱ्हायलंय त्याच्यापशी. ते सुटल्याबिगर जीव जायचा न्हाई." दादाभाऊ काकुळतीला आला. "आजे, मुकं जनावर ते. त्यानं कुणाचं काय घेतलं असंल?"

प्रतिभाने भरतकडे पाहिलं. तो पेटीचा भाता उगाच बंद करत होता, जो आधीच बंद होता. आता तरी बोल, तिने मनात म्हटलं. आता तर म्हातारीने तुझ्या तोंडात घास आणून दिलाय. एवढी माणसं उन्हात उभी आहेत, तो माणूस हात जोडून उभा आहे, आणि तुला नुसतं तोंड उघडायचं आहे. भरतने वर पाहिलं नाही. तिला एकदम लख्ख कळलं की हा आज बोलणार नाही, रविवारी बोलणार नाही, कधीच बोलणार नाही, आणि याच्यात वाईटपणा वगैरे काही नाही, हा असाच आहे, आणि आपण उगाच इतकी वर्षं त्या दाराशी चपला काढून बसलो. तिला सगळ्याचा वीट आला. चालीचा, बैलाचा, त्या माजलेल्या कावळ्यांचा. सासूबाई म्हणाल्या, "कुठं निघाली?" पण ती तोवर पिंडाजवळ पोचली होती.

"पाखऱ्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, "गाण्याची चाल माझी होती. ह्यांनी मला दिलेली. आता ती तुझी. रविवारच्या कार्यक्रमात मी ती घेणार नाही. तू जा आता."

दादाभाऊ तिच्याकडे बघत राहिला. सगळ्यांनी माना वर करून बाभळीकडे पाहिलं. कावळे बसलेलेच. त्यातला एक तर उडून पलीकडच्या काठाला गेला. आणखी थोडा वेळ वाट बघून भटजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, दर्भ वळून त्याचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं. लोक हुश्श करून पंगतीकडे वळले. म्हणजे देऊन टाकलं ते टाकलंच, आणि कावळ्याला त्याचं काही नव्हतं. ती तिथेच उभी होती तेव्हा तिच्या बाजूने दादाभाऊ धावत गेला, तिच्याकडे नाही, भरतकडे, आणि त्याला मिठी मारून म्हणाला, "भाऊ, तुमी बायकुसाटी बांदलेली चाल माज्या पाखऱ्याला दिली. केवढं मन तुमचं." भरतच्या डोळ्यात पाणी. पंगतीत तीन वेळा तिला वेगवेगळ्या बायकांनी सांगितलं, नशीबवान आहेस, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. तिने लापशी दोनदा घेतली, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

रात्री तिने रिंकूला एवढंच कळवलं, येते, नुसता ढोलकीवाला ठेव, गाणं नको. रिंकूने विचारलं, नुसत्या ढोलकीवर बाया बसतील का. प्रतिभाने उत्तर दिलं, नाही बसल्या तर उठून जातील.

शुक्रवारी दुपारी ती गच्चीवर गेली. घुंगरं इतकी वर्षं एका जुन्या चादरीत गुंडाळलेली, पट्ट्याचं कातडं कडक झालेलं. वाळत घातलेल्या कुरडया तिने कडेला सारल्या आणि मोबाईल मुद्दाम खाली ठेवून आली. सुरुवातीला पाय ऐकेनात. मांड्या भरून आल्या, धाप लागली, पोट मध्ये यायला लागलं, आणि तिला हसूही आलं आणि स्वतःची कीवही आली. मग हळूहळू अंग खाली उतरायला लागलं. तिने मोजणं सोडलं. डावा, डावा, उजवा, गिरकी, आणि घोटा सांभाळत जरा थांबून पाय टेकला. पुन्हा. डावा, डावा, उजवा, गिरकी, आणि थांबून. तिसऱ्यांदा ती थांबली ती घोट्यामुळे नाही. चाल अडखळायची ती जागा हीच होती. हेच अंतर, एवढंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती रोज सकाळी याच गच्चीवर सराव करायची आणि भरत खालच्या खोलीत, खाद्याच्या पोत्यांवर पेटी ठेवून बसायचा. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर हिचे पाय. आणि मग तो एके सकाळी धावत वर आला होता, ऐक, ही तुझी, म्हणत. तो खोटं बोलला नव्हता. फक्त त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं की तो किती खरं बोलतोय, आणि आजही माहीत नव्हतं. त्याने दिलेलं म्हणून तिने जे जपलं ते तिच्याच पायांतून खाली गळलेलं होतं, आणि ती त्याच्याकडे वर्षानुवर्षं त्याची भीक मागत होती.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. खूप चिडायला हवं होतं, पण चिडून चिडून आता चीड संपत आली होती. तिने पुन्हा सुरुवात केली, या वेळी वेगळी, दुहेरी, अंगात येईल तशी, जे आधी कधी केलं नव्हतं. पायांखाली गच्ची तापलेली. दोन आवर्तनं झाली असतील नसतील, खालून पेटी ऐकू आली. आधी एकच सूर, चाचपडत. मग दुसरा. ती थांबली, पेटी थांबली. तिने पाय टाकले, पेटी लागली, आता जरा धीट, तिच्या पावलांच्या मागे मागे येणारी. ती पुन्हा थांबली.

"थांबलीस का गं?" खालून भरतचा आवाज, खुशीतला. "लई भारी चाललंवतं. कायतरी येतंय मला, थांबू नको."

प्रतिभाने खाली बसून घुंगरं सोडली. एक पाय, मग दुसरा. चादरीत गुंडाळली, जिना उतरली आणि हिरव्या नऊवारीच्या पिशवीत ती चादर कोंबली. मंचरला रिंकूच्या दुकानाच्या वर एक मोठी खोली आहे, खाली साड्यांचे गठ्ठे, तिथे संगीतकार कुणी राहत नाही. भरत पेटीवर हात ठेवून स्टुडिओच्या दारातून वर बघत होता, ती त्याच्या समोरून गेली तरी त्याला क्षणभर कळलं नाही. अंगणात कुशाबाई शेजारच्या दोघींबरोबर लसूण सोलत बसल्या होत्या. स्कूटी चालू झाली तशा त्यांनी मान वर केली.

"ह्या उन्हाची कुठं निघाली गं?"

"नाचायला," प्रतिभा म्हणाली.